खलनायक मेला आणि शेजारचा मुलगा रडला

कळव्याला आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकू एका रविवारी सकाळी दारात आल्या. हातात वाटी होती, पण साखरेचं फक्त निमित्त होतं. "अगं, तू ते कॉम्प्युटरवरचे खेळ खेळतेस ना? मग मला एक सांग. काल रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले, तर हा स्क्रीनसमोर बसून डोळे पुसतोय. विचारलं, पैसे गेले का रे? तर म्हणतो, नाही गं आई, व्हिलन मेला."

मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काकूंच्या मनात आधी पैशांचा विचार आला, यात नवल नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तेव्हापासून 'ऑनलाइन गेम' हा शब्द घराघरांत एकाच सुरात उच्चारला जातो. तो कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालतो. ई-स्पोर्ट्स म्हणजे अशा खेळांच्या स्पर्धा आणि नुसत्या करमणुकीचे खेळ त्याने वेगळे ठेवले आहेत. पण रमी, सट्टा, मोबाइलवरची गोळीबारी आणि गोष्ट सांगणारे खेळ अशी सगळ्यांची एकच मोट आपण बांधून ठेवली आहे. काकूंना जे सांगितलं, तेच जरा सविस्तर इथे लिहिते. पुढे काही खेळांच्या गोष्टींचे शेवट उघड होतील, तेवढं लक्षात असू द्या.

हा खेळ नेमका कसला?

या खेळांना एमएमओआरपीजी म्हणतात. मतलब एवढाच की हजारो माणसं एकाच वेळी एका काल्पनिक जगात शिरतात आणि प्रत्येक जण तिथे एक पात्र होऊन राहतो. कुणी योद्धा होतो, कुणी वैद्य, कुणी धनुर्धारी. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांनी नुसत्या अक्षरांवर चालणारं असं जग बनवलं, तिथून ही परंपरा निघाली. 2004 मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने ती जगभर पोचवली.

आपल्या ठाण्यातलं उदाहरण घ्या. मासुंदा तलावाकाठच्या गडकरी रंगायतनमध्ये खुर्च्याच नाहीत, आलेला प्रत्येक माणूस थेट रंगमंचावर उभा आहे, अशी कल्पना करा. नाटककार दर दोन-अडीच वर्षांनी नवा अंक पाठवतो. दोन अंकांच्या मधल्या काळात लोक घरी जात नाहीत. तिथेच मासे पकडतात, कपडे शिवतात, बाजार करतात, मैत्री करतात, भांडतात. आणि याच रंगमंचावर खलनायकही वावरत असतो, कधी समोर, कधी नुसता त्याच्या नावाचा दरारा.

आणखी दोन शब्द सांगून ठेवते. 'लोर' म्हणजे त्या जगाचा मागचा सगळा इतिहास: जुनी युद्धं, वंशावळी, कुठल्या राजाने कुणाला फसवलं ते. आपल्याकडे प्रत्येक देवळाचं स्थळपुराण असतं, तसंच. आणि 'रेड' म्हणजे दहा, वीस, पंचवीस जणांनी मिळून एका मोठ्या शत्रूवर केलेली चाल.

खलनायक इतका जवळचा कसा होतो?

सिनेमातला खलनायक आपल्याला तीन तास भेटतो. या खेळांतला वर्षानुवर्षं सोबत असतो. पण नुसत्या काळाने जवळीक होत नाही. खरं कारण वेगळं आहे, आणि ते माझ्या हाताला कळलंय म्हणून तेच सांगते.

'वॉरक्राफ्ट'चा तिसरा भाग 2002 मध्ये आला. तेव्हा तो ऑनलाइन जगाचा खेळ नव्हता, एकट्याने खेळायची युद्धकथा होती. डोंबिवलीला मामेभावाच्या कॉम्प्युटरवर मी तो खेळले, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्यात आर्थस नावाचा तरुण राजपुत्र आहे. प्रजेवर जीव असलेला, जरा हट्टी, चांगला मुलगा. राज्यात एक रोग पसरतो. रोग धान्यातून येतो आणि ते खाल्लेला माणूस मरून पुन्हा उठतो, शत्रूचा गुलाम होऊन. राजपुत्र स्ट्रॅटहोम नावाच्या शहराशी पोचतो, तर धान्य आधीच वाटलं गेलेलं असतं आणि लोकांनी भाकऱ्या भाजून खाल्लेल्या असतात. वरवर सगळे धडधाकट दिसतात. आर्थस म्हणतो, हे उठायच्या आत यांना मारावं लागेल. त्याचा गुरू उथर नकार देतो. आर्थस त्याला तिथल्या तिथे सेवेतून काढून टाकतो. त्याची प्रेयसी जेना निघून जाते.

इथवर आपण पाहत असतो. मग पडदा उघडतो आणि माउस तुमच्या हातात येतो. समोर घरं दिसतात. घरावर क्लिक केलं की सैनिक ते फोडतात आणि आतून माणसं बाहेर पडतात. एक राक्षसी सरदार त्याच शहरातली माणसं गोळा करत फिरतोय. त्याचे शंभर व्हायच्या आत तुमचे शंभर व्हायला हवेत. वर कोपऱ्यात आकडा चढत जातो. मी ते केलं. पहिली चार-पाच घरं थांबत थांबत, नंतर भराभर, कारण त्याचा आकडा पुढे चालला होता. शंभर झाले तेव्हा मामेभाऊ म्हणाला, "जिंकलीस." मला काही ते जिंकल्यासारखं वाटलं नाही.

खलनायक जन्माला येताना मी तिथे नुसती हजर नव्हते, त्याचा हात माझा हात होता. पुढे तो शापित तलवार उचलतो, बापाचा खून करतो, लिच किंग म्हणजे मेलेल्यांचा राजा होतो. 2008 मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने त्याच्यावर एक अख्खा अंक काढला. त्यात खेळाडूंना भूतकाळात, त्याच स्ट्रॅटहोमला परत पाठवलं जातं. कुणीतरी इतिहास बदलू पाहतंय आणि तो बदलू नये म्हणून तुम्हाला आर्थसला मदत करायची असते. म्हणजे तीच कत्तल, या वेळी त्याच्या शेजारी उभं राहून. लेखकांनी नेमकी दुखरी जागा ओळखली होती.

शेवटची लढाई 2010 च्या फेब्रुवारीत खेळात खुली झाली. आमच्या दहा जणांच्या टोळीला ती जिंकायला कित्येक आठवडे लागले, रात्री अकरा ते दीड. एका रात्री त्याची ताकद दहा टक्क्यांवर आली आणि त्याने एका घावात आम्हा सगळ्यांना मारून टाकलं. हेडफोनमध्ये सन्नाटा. एकाने "चला, उद्या बघू" म्हणून निरोपही घेतला. आणि मग कळलं की गोष्टच तशी लिहिलेली होती. सगळे मेल्यावर टिरियन नावाचा म्हातारा योद्धा ती शापित तलवार मोडतो. तिच्यात अडकलेले आत्मे सुटतात आणि आर्थसने मारलेला त्याचा बाप येऊन आम्हाला उठवतो. शेवटी मरणाऱ्या मुलाजवळही तोच बाप असतो. निरोप घेतलेला गडी धावत परत आला होता. त्या रात्री आम्ही कुणी जल्लोष केला नाही. बराच वेळ सगळे नुसते तिथे उभे होते.

हे आपल्याला नवीन आहे का?

मुळीच नाही. ज्यांचं नाव रंगायतनला दिलंय त्या गडकऱ्यांनीच 'भावबंधन'मध्ये घनश्याम लिहिला. लतिकेने केलेल्या अपमानाचा सूड घेणारा हा माणूस पिढ्यान्‌पिढ्या नटांना खुणावत आला, कारण त्याच्या वाईटपणाला एक जखम आहे आणि ती प्रेक्षकाला दिसते.

त्याहून जुनं उदाहरण कोकणातलं. ठाणे-नवी मुंबईतले निम्मे चाकरमानी शिमग्याला गावी जातात, त्यांना संकासुर सांगायला नको. वेद पळवणारा असुर तो, विष्णूने मत्स्यावतार घेऊन त्याला मारला. पण काळ्या पोशाखातला, टोकदार टोपीचा, कमरेच्या घंटा वाजवत येणारा संकासुर अंगणात आला की पोरं किंचाळत पळतात आणि दुसऱ्या मिनिटाला त्याच्याच मागे धावतात. दशावतारात तर तो लोकांना पोट धरून हसवतो. म्हणून कुणी असुराच्या बाजूने गेलं, असं आपण म्हणत नाही. गावाला तो लागतो. वर्षभराची भीती त्याच्या अंगावर घालता येते, तिला शिव्या देता येतात, तिच्याबरोबर नाचताही येतं.

ऑनलाइन खेळातला खलनायकही असाच गावकीचा असतो. सांताक्रूझचा खेळाडू आणि साओ पावलोचा खेळाडू यांना एकमेकांची भाषा येणार नाही, पण आर्थस दोघांचा आहे.

सगळेच गोष्ट मन लावून ऐकतात?

नाही. संवाद सुरू झाला की 'स्किप' दाबणारे पुष्कळ आहेत. रिचर्ड बार्टल, ते एसेक्सचं जग बनवणाऱ्या दोघांपैकी एक, यांनी 1996 मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले: कमावणारे, धुंडाळणारे, माणसं जोडणारे आणि दुसऱ्याला हरवण्यात रस असणारे. गोष्टीचा ध्यास बहुतेक करून धुंडाळणाऱ्यांना असतो. कुठल्याशा गुहेतली चिठ्ठी, पडक्या घरातली जुनी वही हे लोक वाचून काढतात आणि मग इतरांना सांगत बसतात. गावात एखादे आजोबा असतात, सगळ्यांची घराणी पाठ असलेले, तसे. बाकीच्यांना गोष्ट त्यांच्या तोंडून कळते.

खलनायकावर चाहते चिडतात, ते कशासाठी?

हे बाहेरच्याला सगळ्यात अनाकलनीय वाटतं. खलनायकाने वाईट काम केलं म्हणून कुणी चिडत नाही. ते काम त्याच्या स्वभावातून आलं नाही म्हणून चिडतात.

सिल्व्हानस ही त्याच वॉरक्राफ्टमधली सेनापती. आर्थसने तिला मारलं आणि मेल्यावरही सुटू दिलं नाही, आपल्या दावणीला बांधून ठेवलं. पुढे ती सुटली आणि आपल्यासारख्याच टाकून दिलेल्या, ना जिवंत ना मेलेल्या लोकांची राणी झाली. कठोर, संशयी, पण आपल्या माणसांसाठी झगडणारी. वर्षानुवर्षं हजारो खेळाडूंनी तिच्या झेंड्याखाली पात्रं चालवली. 2018 मध्ये गोष्टीत तिने शत्रूचं टेलड्रासिल पेटवलं. हा एक प्रचंड वृक्ष होता, त्याच्या फांद्यांवर अख्खं शहर वसलेलं. मूळ बेत ते शहर जिंकून ताब्यात ठेवायचा होता. एक मरणारी शत्रुसैनिक तिला म्हणाली की तू आशा मारू शकत नाहीस, आणि तेवढ्यावर तिने आग लावायचा हुकूम दिला. समोरच्या बाजूच्या खेळाडूंना जळत्या शहरातून लोक वाचवायचं काम मिळालं. वेळ इतका थोडा की सगळे वाचणं शक्यच नव्हतं. तिच्या बाजूच्यांना नकार द्यायची सोयच नव्हती.

लोक किती तावातावाने भांडले! एक बाजू म्हणे, ती मूळचीच अशी होती. दुसरी म्हणे, इतकी हिशेबी बाई एका टोमण्यावर बेत बदलेल का? माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. स्ट्रॅटहोममध्ये माझ्या हातून जे झालं, त्याला कारण होतं. चुकीचं असेल, पण मी ते समजू शकत होते. इथे माझ्या नावावर आग लावली आणि कारण दिलं नाही. पुढे खेळातच काही काळ खेळाडूंना तिच्याशी निष्ठा ठेवायची की बंड करायचं, हे निवडता आलं. पण जखम राहिलीच. त्यानंतरच्या अंकात विश्वाचे नियमच बदलू पाहणारा तिच्यामागचा सूत्रधार आणला. माझ्या ओळखीच्या एकाही खेळाडूला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ताकद अफाट होती, पण त्याला जखम नव्हती.

खेळाडूंना गोष्ट बदलता येते का?

क्वचित. 'अ‍ॅशरन्स कॉल' नावाच्या खेळात 2000 मध्ये एक कैद केलेला असुर सुटणार होता. त्यासाठी एक स्फटिक फुटायला हवा होता आणि लेखकांनी पुढचा भाग त्यावर बेतला होता. खेळाची सारखीच जगं वेगवेगळ्या सर्व्हरांवर चालत होती. त्यातल्या एका सर्व्हरवरचे खेळाडू अडून बसले. पाळ्या लावून त्यांनी त्या स्फटिकाभोवती पहारा दिला. शेवटी खेळ बनवणाऱ्यांनाच आत उतरून पहारेकऱ्यांना हरवावं लागलं. नंतर त्या हरलेल्यांचं स्मारक खेळातच उभारलं गेलं. मला हा किस्सा फार आवडतो. असुर नक्की सुटणार, हे ठाऊक असूनही माणसं रात्रीचा पहारा देत होती.

'इव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या खेळात तर गाजणारे खलनायक बहुतेक लिहिलेले नसतातच. खेळाडूच एकमेकांचे विश्वासघात करतात, महिनोन्‌महिने हेरगिरी करून संघटनांच्या तिजोऱ्या लुटतात. तिथे राग माणसावर येतो, पात्रावर नाही. म्हणून मी तिथे फार काळ टिकले नाही.

पण यात दुष्टाचं कौतुक होत नाही का?

काकूंचा खरा प्रश्न हाच होता. मी म्हटलं, समजून घेणं वेगळं आणि बाजू घेणं वेगळं. आर्थसवर जीव असलेल्यांपैकी कुणाला तो वाचायला हवा होता, असं मी ऐकलेलं नाही. तो मेलाच पाहिजे आणि मेल्याचं वाईट वाटलं पाहिजे, दोन्ही एकदम. उलट ज्या मुलाने माउस हातात धरून 'मी त्या जागी असतो तर' याचा विचार केलाय, तो 'मी कधीच असं करणार नाही' हे वाक्य पटकन उच्चारणार नाही.

एका बाबतीत मात्र मी सावध करीन. मोबाइलवर चालणाऱ्या काही खेळांत खलनायक हा विकाऊ मालही असतो. 2020 मध्ये आलेला 'गेन्शिन इम्पॅक्ट' घ्या. गोष्ट त्याचीही लांबलचक आहे, फक्त एका वेळी फार तर चार जण एकत्र खेळतात. त्यात आज शत्रू म्हणून भेटलेला माणूस काही महिन्यांनी तुमचं पात्र म्हणून मिळू शकतो. पण मिळतो तो 'गाचा' पद्धतीने, म्हणजे जत्रेतल्या चिठ्ठ्यांसारखा: चिठ्ठी काढा, नशिबात असेल ते घ्या, नाही तर पुन्हा काढा. चिठ्ठ्या खेळून कमावता येतात आणि खऱ्या पैशांनी विकतही घेता येतात. खलनायक जितका देखणा आणि त्याचं दुःख जितकं खोल, तितक्या जास्त चिठ्ठ्या खपतात. मुलाला विचारायचाच असेल तर हा प्रश्न विचारा: याच्यासाठी पैसे घातलेस का, किती?

आणि वेळेचं काय?

वेळ जातो, खोटं कशाला बोलू. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याआधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशी त्याची लक्षणं आहेत. एका रात्री रडणं त्यात नाही. कॉलेज बुडवणं, जेवणाला न उठणं असं दिसलं तर डॉक्टरांकडे जावं, तिथे गोष्टीचा चांगुलपणा आड आणू नये.

मग त्या रात्री कोण मेला होता?

काकूंचा मुलगा 'फायनल फँटसी फोर्टीन' खेळतो. हा खेळ 2010 मध्ये आला आणि सपशेल पडला. कंपनीने 2012 मध्ये गोष्टीतच आकाशातून एक चंद्र पाडून ते जग बंद केलं आणि 2013 मध्ये नव्याने मांडलं. मुलाला रडवणारा एमेट-सेल्क 2019 च्या भागातला. तो बराच काळ तुमच्यासोबतच चालतो, आळसावलेला, टोमणे मारणारा. हळूहळू कळतं की तो हजारो वर्षं जगतोय. त्याचं जग फार पूर्वी फुटलं, त्याचे चौदा तुकडे झाले. आपण सगळे त्या तुकड्यांत जन्मलेली अर्धीमुर्धी माणसं. त्याला तुकडे पुन्हा जोडायचेत, म्हणजे त्याची माणसं परत येतील. पण एकेक तुकडा जोडताना त्यावरचं सगळं जीवन मरतं. त्याला थांबवावंच लागतं. मरताना तो एवढंच मागतो, की आम्ही होतो हे लक्षात ठेवा.

हे ऐकताना काकू गप्प झाल्या. त्यांचं माहेर पनवेलकडचं, नवी मुंबई विमानतळासाठी उठलेल्या दहा गावांपैकी एक. गाव उठलं तेव्हा त्या ठाण्यात होत्या.

संध्याकाळी त्यांच्याकडे वाटी परत द्यायला गेले, तर दोघं स्क्रीनसमोर. मुलगा आईला आमोरोट दाखवत होता. समुद्राच्या तळाशी एमेट-सेल्कने आठवणीतून उभं केलेलं ते आपलं गेलेलं शहर. उंचच उंच इमारती, पिवळे दिवे, रस्त्यावर झगे आणि मुखवटे घातलेली अवाढव्य माणसं. ती खेळाडूला लहान मूल समजून प्रेमाने बोलतात. आपण फक्त कुणाची तरी आठवण आहोत, हे त्यांच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं.

"घरांत माणसं आहेत?" काकूंनी विचारलं.

"सावल्या आहेत गं. त्याला आठवली तशी."

काकू जरा पुढे सरकल्या. "याला बाजूला घे. तिकडे, त्या कोपऱ्यात. वेशीवर देऊळबिऊळ आहे का बघ."

"आई, हे आपलं गाव नाही."

"माहितीये रे. तू घे तिकडे."

त्याने पात्र वळवलं आणि त्या लांबलचक रस्त्याने सावकाश चालवत नेलं.